घटक ४ : ख्रिस्ती श्रद्धानिष्ठ कादंबरीचे वाचन – प्रणय, उत्कंठा आणि इतिहास

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –

• श्रद्धानिष्ठ कादंबरी म्हणजे काय, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• रूपककथा आणि कादंबरी यांतील फरक पात्रनामांच्या आधारे सांगता येईल.
• प्रणयप्रधान, उत्कंठाप्रधान आणि ऐतिहासिक या तीन प्रकारांत श्रद्धेचे कथानकातील स्थान कसे बदलते, याचे विवेचन करता येईल.
• एखादी कादंबरी ‘प्रचारकी’ आहे असे म्हणण्यापूर्वी कोणती कसोटी लावावी, हे ठरविता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकप्रिय कादंबरी वाचकाला आरंभीच एक अभिवचन देत असते. प्रणयकथा हाती घेणाऱ्याला ठाऊक असते की, नायक-नायिका अखेरीस एकत्र येणार. रहस्यकथेच्या वाचकाला खात्री असते की, शेवटच्या प्रकरणापर्यंत गुन्हेगार सापडणार. शेवट ठाऊक असूनही आपण वाचतो, कारण तेथवर पोहोचण्याच्या वाटेत आपल्याला रस असतो.

श्रद्धानिष्ठ कादंबरीत या अभिवचनावर आणखी एक अभिवचन चढलेले असते. लेखकाची एका धर्मावर निष्ठा आहे आणि ती त्याने लपविलेली नाही. त्यामुळे प्रेम जुळेल, संकट टळेल, एवढेच येथे गृहीत नसते. भरकटलेले पात्र ईश्वराकडे वळेल, हेही गृहीत असते. इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, अशा ख्रिस्ती कादंबऱ्यांचा स्वतंत्र वाचकवर्ग आहे, स्वतंत्र प्रकाशनसंस्था आहेत आणि त्यांचे काही संकेतही आहेत. शिवराळ भाषा टाळणे, शरीरसंबंधांचे उघड वर्णन न करणे हे त्यांतील ठळक संकेत होत.

मराठीच्या विद्यार्थ्याने या कादंबऱ्यांकडे का वळावे, असा प्रश्न येथे उद्भवेल. त्याचे एक उत्तर आपल्याच वाङ्मयेतिहासात आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश केला जातो, ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेली कादंबरी आहे. ‘प्रचारकी’ हा शिक्का मारून आपण या प्रकारची कादंबरी बाजूला ठेवणार असू, तर मराठी कादंबरीचे पहिले पानही आपल्याला बाजूला ठेवावे लागेल. उलट, तिचा उद्देश उदात्त आहे म्हणून ती चांगली, असे म्हणणेही समीक्षेच्या दृष्टीने अपुरे आहे. या दोन्ही टोकांपासून दूर राहून ही कादंबरी कशी वाचावी, हा या घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ रूपककथेकडून कादंबरीकडे

जॉन बन्यन याचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा ग्रंथ १६७८ साली प्रसिद्ध झाला. हरि केशवजी यांनी ‘यात्रिक क्रमण’ या नावाने तो १८४१ साली मराठीत आणला. म्हणजे ‘यमुनापर्यटन’पूर्वी सोळा वर्षे ही कथा मराठी वाचकांपर्यंत पोहोचली होती. एक यात्रेकरू नाशनगर सोडून स्वर्गीय नगरीकडे निघतो, वाटेत त्याला नाना प्रकारची माणसे भेटतात, अशी तिची रचना आहे.

या माणसांच्या नावांकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहू. मूळ ग्रंथातील एका शेजाऱ्याच्या नावाचा अर्थ ‘हट्टी’ असा आहे, दुसऱ्याच्या नावाचा अर्थ ‘सहज वाकणारा’. हट्टी हा यात्रेला यायचे नाकारतो आणि घरी परततो. सहज वाकणारा थोडा वेळ बरोबर चालतो, वाटेतल्या दलदलीत पडताच माघारी फिरतो. दोघांनीही जे केले ते त्यांच्या नावातच लिहिलेले होते. व्याकरणात आपण विशेषनाम आणि सामान्यनाम असा भेद करतो. विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते. तिचा स्वभाव सांगत नाही. ‘गोविंद’ हे नाव कळल्याने गोविंद उद्या काय करील, हे कळत नाही. रूपककथेत मात्र गुणवाचक शब्दच विशेषनामाच्या जागी बसतो. त्यामुळे पात्राला आपल्या नावाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

कादंबरीचा आरंभ होतो तो पात्राचे नाव त्याचे भवितव्य ठरवीत नाही तेथे. यमुना हे नाव ऐकून ती पुढे काय स्वीकारील, काय नाकारील, हे सांगता येत नाही. यातूनच आपल्या वाचनाची कसोटी हाती येते. श्रद्धानिष्ठ कादंबरीत पात्राला ‘नाही’ म्हणण्याची खरीखुरी मुभा आहे काय? ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला वाङ्मयीन मोल नाही. धर्मशास्त्राच्या बाजूने पाहिले तरी सक्तीची श्रद्धा ही श्रद्धा ठरत नाही. म्हणूनच ही कसोटी लेखकाच्या धर्माविरुद्ध नाही. ती त्याच्या कथनकौशल्याची परीक्षा घेते. पुढील विवेचनात आपण हीच कसोटी तीन प्रकारांना लावून पाहू.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> १. ‘यात्रिक क्रमण’ हे कोणत्या ग्रंथाचे भाषांतर आहे? ते कोणी केले?
> २. रूपककथेतील पात्रनामे आणि कादंबरीतील पात्रनामे यांत कोणता फरक असतो?

४.३.२ प्रणयप्रधान कादंबरी : होकाराची किंमत

कॅनडात जन्मलेल्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. आधुनिक ख्रिस्ती प्रणयकादंबरीच्या परंपरेत तिला आरंभीचे स्थान दिले जाते. पश्चिमेकडे वसाहतीसाठी निघालेल्या गाड्यांबरोबर मार्टी ही तरुण स्त्री प्रवास करीत असते. वाटेत तिचा पती अपघाताने मरण पावतो. ती गर्भवती आहे, हाती पैसा नाही आणि हिवाळा तोंडावर आला आहे. त्यानंतर लगेचच क्लार्क नावाचा एक विधुर शेतकरी तिच्यापुढे विवाहाचा प्रस्ताव ठेवतो. त्याच्या लहान मुलीला आई हवी आहे आणि मार्टीला आसरा.

ओकबाईंनी या प्रस्तावाला एक अट जोडली आहे. वसंत ऋतूत पूर्वेकडे परतणाऱ्या गाड्या येतील, तेव्हा मार्टीला जायचे असल्यास क्लार्क तिचे भाडे देईल. मात्र तिने त्याच्या मुलीला बरोबर न्यावे. वरवर पाहता हा कथानकाचा एक साधा धागा आहे. परंतु कादंबरीचा सारा तोल याच अटीवर उभा आहे. मार्टीचा पहिला होकार परिस्थितीने काढून घेतलेला आहे; त्याला संमती म्हणता येणार नाही. वसंत ऋतूपर्यंतचा काळ म्हणजे तिला दिलेला नकाराचा अवकाश आहे. या काळात तिला स्वयंपाक साधत नाही, ती चिडते, रडते. क्लार्क जेवणापूर्वी प्रार्थना करतो तेव्हा हा माणूस कोणाशी बोलतो आहे, हेही तिला उमगत नाही. तो तिला उपदेश करून वळवीत नाही. त्यामुळे अखेरीस जाण्याची मुभा असताना ती राहते, तेव्हा वाचकाचा तिच्यावर विश्वास बसतो.

दुसरे उदाहरण फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’चे. रिव्हर्सबाई त्यापूर्वी सामान्य वाचकवर्गासाठी प्रणयकादंबऱ्या लिहीत असत. ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्यानंतर त्यांनी लिहिलेली ही पहिली कादंबरी होय. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९७ साली तिची सुधारित आवृत्ती ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने काढली. बायबलच्या जुन्या करारात होशेय नावाच्या संदेष्ट्याची कथा येते. ईश्वराच्या आज्ञेवरून तो एका व्यभिचारी स्त्रीशी विवाह करतो आणि ती सोडून गेल्यावर तिला मोल देऊन परत आणतो. हीच कथा रिव्हर्सबाईंनी १८५० च्या सुमारास सोन्याच्या शोधाने गजबजलेल्या कॅलिफोर्नियात आणून ठेवली आहे. नायकाचे नाव मायकेल होशेय असे आहे, म्हणजे अर्धे विशेषनाम आणि अर्धे रूपक.

नायिकेच्या नावाचा प्रवास मात्र याहून अर्थपूर्ण आहे. लहानपणी विकली गेलेली ही मुलगी ‘एंजल’ या नावाने ओळखली जाते. हे नाव तिला वेश्याव्यवसायात ढकलणाऱ्यांचे आहे. मायकेल तिला विवाह करून घरी आणतो आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर मारा, अमांडा, तिर्झा अशी बायबलशी वा प्रेमाशी निगडित नावे देतो. वाचकाला हे गोड वाटते. पण येथे थांबून विचार करावा. विकणाऱ्याने नाव दिले, तारणाऱ्यानेही नाव दिले. दोन्ही वेळा नाव देणारा दुसराच होता. तिचे जन्मनाव साराह हे ती कोणालाही सांगत नाही. कादंबरीच्या अखेरीस ती स्वतःच्या पायांनी परत येते आणि ते नाव मायकेलला स्वतःहून सांगते. साऱ्या कादंबरीत तिचे म्हणून जे एकच उरले होते, ते ती अशा रीतीने देते.

येथे एक आक्षेपही नोंदविला पाहिजे. मार खाऊन अर्धमेल्या अवस्थेत असताना तिच्याकडून आलेला विवाहाचा होकार हा होकार मानावा काय? पळून गेलेल्या पत्नीला परत आणणारा पुरुष ईश्वरी प्रेमाचे प्रतीक आहे की पतीच्या हक्काचे? रूपकाच्या पातळीवर मायकेल ईश्वराच्या जागी आहे; वास्तवाच्या पातळीवर तो एक नवरा आहे. ईश्वराला शोभणारा आग्रह नवऱ्याला शोभेलच असे नाही. रिव्हर्सबाईंना या अडचणीची जाण असावी, असे कथानकावरून दिसते. कारण शेवटच्या वेळी ती निघून जाते तेव्हा मायकेल तिच्या मागे जात नाही. तो थांबतो आणि वर्षे जातात. या थांबण्यामुळेच तिच्या परतण्याला अर्थ प्राप्त होतो. आधीच्या आग्रहाचे समर्थन त्यामुळे होते किंवा नाही, यावर विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे विचार करावा.

४.३.३ उत्कंठाप्रधान कादंबरी : प्रार्थना हे कारण

उत्कंठा निर्माण होण्यासाठी धोका खरा असावा लागतो. सर्वशक्तिमान ईश्वर ज्या जगात आहे, तेथे धोका खरा कसा असेल? ईश्वराने मनात आणले तर पहिल्याच पानावर संकट दूर होईल. त्याने तसे का केले नाही, याचे उत्तर प्रत्येक श्रद्धानिष्ठ उत्कंठाकथेला द्यावे लागते.

फ्रँक पेरेटी यांच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ (१९८६) या कादंबरीने दिलेले उत्तर चतुर आहे. अॅश्टन नावाच्या लहान गावावर एका गुप्त कटाची छाया पडली आहे. तेथील धर्मोपदेशक हँक बुश आणि वृत्तपत्राचा संपादक मार्शल होगन हे दोघे वेगवेगळ्या वाटांनी त्या कटापर्यंत पोहोचतात. माणसांच्या या कथेच्या वर देवदूत आणि दुरात्मे यांचे अदृश्य युद्ध चालू आहे. देवदूत बलवान आहेत. परंतु गावातील माणसे पुरेशी प्रार्थना करीत नाहीत तोवर त्यांचे बळ अपुरे पडते. प्रार्थना ही येथे मनाला शांती देणारी कृती राहत नाही. कथानकात ती कारण म्हणून काम करते. एखादी वृद्ध स्त्री आपल्या घरात गुडघे टेकते आणि त्याचा परिणाम गावावरील आकाशात दिसतो. पात्रांना जे दिसत नाही ते वाचकाला दिसत असल्यामुळे नाट्यात्म उपरोध निर्माण होतो, आणि वाचक पान उलटतो.

आता आपली कसोटी लावू. या कादंबरीतील काही दुरात्म्यांची नावे आत्मसंतुष्टता, फसवणूक अशा अर्थांची आहेत. म्हणजे रूपककथेतील सामान्यनामे तीनशे वर्षांनी परत आली आहेत. ज्याच्या खांद्यावर असा दुरात्मा बसला आहे, तो माणूस चुकीचे बोलतो तेव्हा ते त्याचे स्वतःचे बोलणे राहत नाही. विरोधी मत बाळगणारी प्राध्यापिका, वेगळ्या साधनामार्गाला लागलेली विद्यार्थिनी यांच्या नकाराला स्वतःची कारणे असू शकतात, ही शक्यता कादंबरी जवळजवळ मिटवून टाकते. वेग तिच्याजवळ भरपूर आहे. दुसऱ्याच्या मनाविषयीचे कुतूहल कमी आहे. वाचताना ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, हे लक्षात ठेवावे.

टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ (१९९५) ही पुढे दीर्घ मालिका झालेली कादंबरी वेगळ्या प्रकारे अडखळते. जगभरातील लाखो श्रद्धावंत एका क्षणी नाहीसे होतात. विमानाचा चालक रेफर्ड स्टील याची पत्नी आणि मुलगा त्यांत आहेत. तो आणि त्याची कन्या क्लोई मागे राहिले आहेत. घटना इतकी प्रचंड आहे की, तिच्यानंतर अविश्वास टिकवणे कठीण व्हावे. क्लोई बराच काळ शंका घेत राहते, परंतु पुराव्याच्या भाराखाली तिच्या शंकेला फारसा वाव उरत नाही. या कादंबरीतील सर्वांत लक्षणीय पात्र मला ब्रूस बार्न्स हे वाटते. तो चर्चमधील धर्मोपदेशक आहे, आणि तोही मागे राहिला आहे. आयुष्यभर जे शब्द त्याने उच्चारले, ते त्याचे कधीच झाले नव्हते. ओठांवरचा होकार आणि मनातला होकार यांतील अंतर या एका पात्रामुळे उघडे पडते. जगबुडीच्या वर्णनापेक्षा हे अंतर अधिक भेदक आहे.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> १. ‘लव्ह कम्स सॉफ्टली’मधील वसंत ऋतूच्या अटीचे कथानकात कोणते कार्य आहे?
> २. पेरेटी यांच्या कादंबरीत प्रार्थनेला कोणते स्थान आहे?

४.३.४ ऐतिहासिक कादंबरी : साक्षीदाराची जागा

ऐतिहासिक कादंबरीत मुख्य घटना वाचकाला आधीच ठाऊक असते. ख्रिस्ताला क्रुसावर दिले गेले, इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, हे लेखक बदलू शकत नाही. म्हणून तो एक कल्पित पात्र त्या घटनेच्या कडेला उभे करतो आणि इतिहासाचा त्या पात्रावर काय परिणाम झाला, हे सांगतो.

ल्यू वॉलेस यांची ‘बेन-हर’ (१८८०) ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कादंबरी. अमेरिकेच्या यादवी युद्धात वॉलेस सेनापती होते. १८७६ साली रेल्वेच्या प्रवासात त्यांची रॉबर्ट इंगरसॉल या ख्यातनाम अज्ञेयवादी वक्त्याशी गाठ पडली. त्या संभाषणात आपले धर्मविषयक अज्ञान जाणवून आपण अभ्यासास प्रवृत्त झालो, असे वॉलेस यांनी स्वतः नमूद केले आहे. श्रद्धानिष्ठ साहित्यातील ही गाजलेली कृती अशा रीतीने एका न मानणाऱ्या माणसाशी झालेल्या संवादाची ऋणी आहे.

यहुदा बेन-हर हा यरुशलेममधील धनिक घराण्यातील तरुण. रोमन अधिकारी रस्त्यावरून जात असता त्याच्या हातून गच्चीवरील कौल सुटते. बालमित्र मेसाला त्याच्यावर उलटतो आणि बेन-हर गलबताच्या वल्ह्याला जुंपला जातो. कैदी म्हणून नेले जात असता नासरेथच्या विहिरीपाशी एक तरुण त्याला पाणी पाजतो. तो तरुण कोण, हे वाचक ओळखतो. बेन-हरला कळत नाही. पुढे बेन-हर सूड घेतो, रथांची शर्यत जिंकतो आणि येशूकडे रोमला हुसकून लावणारा राजा म्हणून पाहू लागतो. त्याच्यासाठी तो सैन्यही उभारतो. हाच त्याचा नकार आहे. त्याने येशूला नाकारलेले नाही, पण येशूने देऊ केलेले राज्य त्याला नको आहे. त्याला तलवारीचे राज्य हवे आहे. अखेरीस क्रुसापाशी तो आंब भरलेला स्पंज उचलून त्या ओठांना लावतो. विहिरीपाशी मिळालेले पाणी अशा रीतीने परत केले जाते. लेखकाने या दोन प्रसंगांत जवळजवळ सारी कादंबरी जाऊ दिली आहे आणि त्या अंतरातच नायकाचे मन बदलण्यास वेळ मिळाला आहे.

याच कादंबरीच्या आरंभी ताऱ्याच्या मागावर निघालेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी एक, मेल्कियोर, हा हिंदू दाखविला आहे आणि तो स्वतःची ओळख ब्राह्मण म्हणून करून देतो. मराठी वाचकाने हे प्रकरण अवश्य लक्षपूर्वक वाचावे. मेल्कियोर आपल्या परंपरेविषयी बोलतो, तेव्हा ते बोलणे आपल्या ओळखीच्या कोणा माणसाचे वाटते, की ग्रंथ वाचून रचलेले? आपला देश दुसऱ्याच्या श्रद्धानिष्ठ कादंबरीत पात्र होऊन येतो, तेव्हा आपल्याला जो किंचित परकेपणा जाणवतो, तोच आपण इतरांविषयी लिहिताना त्यांना जाणवत असणार, हा धडा येथे मिळतो.

रिव्हर्सबाईंच्या ‘अ व्हॉइस इन द विंड’ (१९९३) या कादंबरीत इतिहास आणि प्रणय एकत्र आले आहेत. यरुशलेमच्या पाडावानंतर गुलाम म्हणून रोमला आलेली हदस्सा ही ख्रिस्ती मुलगी आणि तिच्या मालकाच्या घरातील तरुण मार्कस यांची ही कथा आहे. मार्कस तिला विवाहाविषयी विचारतो. ती त्याच्यावर प्रेम करते आणि तरीही त्याची श्रद्धा तिच्या श्रद्धेशी जुळत नाही म्हणून नकार देते. गुलामाने मालकाला दिलेला हा नकार आहे. या एका शब्दात ती स्वतंत्र होते. पहिल्या खंडाच्या शेवटी तिला सिंहांपुढे टाकले जाते. प्रणयकथेचे अभिवचन लेखिकेने मोडले असे वाचकाला वाटते. दुसऱ्या खंडात मार्कस आपला संताप घेऊन तिच्या ईश्वराच्या शोधात पॅलेस्टाइनला जातो. त्याच्या रागाला लेखिकेने घाईने शांत केलेले नाही, हे या मालिकेचे बलस्थान होय.

४.३.५ वाचताना येणारी भाषेची अडचण

या कादंबऱ्या मराठीतून वाचताना किंवा त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना काही शब्द अडसर होतात. ‘तारण’ हा मराठी बायबलमधील मध्यवर्ती शब्द. व्यवहारात मात्र तारण म्हटले की बँकेत ठेवलेले दागिने किंवा सातबारा डोळ्यांपुढे येतो. त्याऐवजी ‘मोक्ष’ म्हणावे, तर जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ आपोआप आत येतो. ख्रिस्ती विचारात असा फेरा नाही. तीच गत ‘नवा जन्म’ या कल्पनेची. श्रद्धेचा स्वीकार केल्यावर याच देहात सुरू होणारे नवे जीवन, असा तिचा अर्थ आहे. ‘पुनर्जन्म’ असा शब्द योजल्यास वाचक नेमक्या उलट्या दिशेला जाईल.

म्हणून अशा कादंबरीतील धार्मिक शब्द आपल्या जवळच्या शब्दात लगेच विरघळवू नये. पात्र तो शब्द कोणत्या प्रसंगी, कोणाजवळ आणि कशाच्या बदल्यात उच्चारते, हे पाहावे. त्यावरून शब्दाचा अर्थ कळतो, आणि तो शब्द पात्राच्या तोंडचा आहे की लेखकाने त्याच्या तोंडी घातलेला आहे, हेही कळते.

४.३.६ पुन्हा यमुनेकडे

आता ‘यमुनापर्यटन’कडे परत येऊ. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावचा. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालचा आणि त्यानंतर वर्षभरातच ही कादंबरी आली. ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे तिचे दुसरे नाव आहे. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते. पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते.

कथानकाचा शेवट लेखकाच्या श्रद्धेने ठरविलेला आहे, हे उघड आहे. पात्रे अनेकदा संवादाऐवजी प्रवचन करतात, हा दोषही मान्य केला पाहिजे. परंतु आपली कसोटी येथे लावली असता ती उलटून आपल्याकडेच येते. यमुनेला वाटेत भेटणाऱ्या स्त्रियांना नकाराची मुभा कोठे आहे? केशवपनाला ‘नाही’ म्हणता येत नाही, उपासमारीला नाही, कोंडून घालणाऱ्या घराला नाही. ती मुभा हिरावून घेतली आहे ती लेखकाने नव्हे, त्या काळच्या समाजाने. पदमनजी यांनी सुचविलेला उपाय एखाद्या वाचकाला मान्य नसेल. तो नाकारण्याचा अधिकार वाचकाला आहे. पण उपाय नाकारताना त्या स्त्रियांचे बोलणेही आपण पुस्तकाबरोबर मिटून टाकतो काय, हा प्रश्न उरतो. कादंबरीचा निष्कर्ष आणि कादंबरीतील साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्कर्षाशी असहमत राहूनही साक्ष ऐकता येते, आणि श्रद्धानिष्ठ कादंबरीच्या वाचकाने नेमके हेच शिकायचे असते.

४.४ सारांश

श्रद्धानिष्ठ कादंबरीत पात्राचे ईश्वराकडे वळणे बहुधा गृहीत असते. त्यामुळे वाचकाचे लक्ष काय घडणार याकडून ते कसे आणि कोणत्या किमतीला घडते याकडे वळते. प्रणयप्रधान कादंबरीत श्रद्धा ही संमतीचा प्रश्न बनून येते; उत्कंठाप्रधान कादंबरीत ती घटनांचे कारण बनते; ऐतिहासिक कादंबरीत ती ज्ञात घटनेच्या साक्षीदाराचे परिवर्तन बनते. तिन्ही ठिकाणी पात्राला नकार देण्याची खरी मुभा असेल, तर होकार विश्वसनीय होतो. ती मुभा नसेल, तर कादंबरी रूपककथेकडे किंवा प्रवचनाकडे झुकते. वाचकालाही तीच मुभा आहे : लेखकाचा निष्कर्ष न स्वीकारता त्याने मांडलेली साक्ष तो ग्रहण करू शकतो.

४.५ पारिभाषिक शब्द

रूपककथा : जिच्यातील पात्रे व स्थळे अमूर्त गुणांची वा कल्पनांची प्रतिनिधी असतात अशी कथा.
नाट्यात्म उपरोध : पात्राला अज्ञात असलेली गोष्ट वाचकाला ज्ञात असल्याने निर्माण होणारा परिणाम.
अज्ञेयवादी : ईश्वराचे अस्तित्व जाणता येत नाही असे मानणारा.
साक्ष : पात्राच्या अनुभवाचे कादंबरीत येणारे कथन, लेखकाच्या निष्कर्षाहून वेगळे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे; हरि केशवजी यांनी. (२) रूपककथेत गुणवाचक शब्द नावाच्या जागी येऊन पात्राचे वर्तन ठरवितो. कादंबरीत नाव केवळ व्यक्तीचा निर्देश करते.

प्रश्न – २ : (१) परिस्थितीने लादलेल्या विवाहानंतर मार्टीला नकाराचा अवकाश मिळतो आणि तिचे राहणे ही तिची निवड ठरते. (२) प्रार्थनेमुळे देवदूतांना बळ मिळते; म्हणजे ती कथानकातील घटनांचे कारण आहे.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला वाङ्मयीन मोल नाही.’ या विधानाची चर्चा कोणत्याही दोन कादंबऱ्यांच्या आधारे करा.
२. ‘रिडीमिंग लव्ह’मधील नायिकेच्या नावांचे कथानकातील महत्त्व स्पष्ट करा.
३. ‘यमुनापर्यटन’मधील एका विधवेचे कथन निवडा. त्यातील साक्ष कोणती आणि लेखकाचा निष्कर्ष कोणता, हे वेगळे करून लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील ग्रंथालयातून कोणत्याही धर्मश्रद्धेवर आधारलेली एक मराठी कादंबरी मिळवून वाचा. ती श्रद्धा न मानणाऱ्या पात्राला तिच्यात किती आणि कसे बोलू दिले आहे, याची सुमारे पाचशे शब्दांत नोंद करा.